सौर प्रकल्पाला ‘पर्यावरण मंजुरी लागत नाही’, म्हणजे नेमके काय लागत नाही?

मूळ प्रश्न

आमच्या गावालगतच्या सुमारे ५० हेक्टर जमिनीवर २५ मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. त्यातली निम्मी जमीन कसणुकीची आहे, उरलेली गवताळ आणि झुडपी आहे, आणि खालच्या कोपऱ्यातून एक ओढा जातो, जो पावसाचे काही महिने वाहतो आणि एरवी कोरडा असतो. तयार होणारी वीज सुमारे ६ किलोमीटरवरच्या उपकेंद्रापर्यंत न्यायची आहे. गावाने संमती द्यावी म्हणून विकासकाने जो कागदांचा गठ्ठा दिला आहे, त्यात पर्यावरणाविषयी एकच वाक्य आहे: सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून पर्यावरणविषयक परवानग्यांचा प्रश्नच येत नाही.

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. वीज हवी आहे आणि ती धूर न करता मिळत असेल तर उत्तमच आहे. मात्र हा करार पंचवीस-तीस वर्षांसाठी होणार आहे, आणि सही झाल्यावर प्रश्न विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. आपल्या मंचावर निरनिराळ्या देशांत काम करणारे सदस्य आहेत, म्हणून मी मुद्दाम देशाचे नाव लिहिलेले नाही. एखाद्या कलमाचा क्रमांक मिळाला नाही तरी चालेल, परंतु अशा जागेवर कोणकोणत्या परवानग्यांचा विचार व्हायला हवा, त्या का लागतात आणि आम्ही लेखी काय मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल तपासण्याचे काम केले आहे. तुम्हाला दिलेल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा असू शकतो. उत्तरार्ध मात्र जवळजवळ कुठेही खरा नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

‘पर्यावरण मंजुरी’ हे एका विशिष्ट परवानगीचे नाव आहे. भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली ज्या प्रकल्पांना ही पूर्वमंजुरी घ्यावी लागते, त्यांच्या अनुसूचीत सौर प्रकाशविद्युत प्रकल्प नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची फेरवर्गवारी केली तेव्हा पॅनेलवरील वीजनिर्मिती पांढऱ्या गटात, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या गटात गेली. येथपर्यंत विकासकाचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याच जमिनीत वनजमिनीचा लहानसा तुकडा निघाला तर १९८० चा वन कायदा लागू होतो, नोंद झालेली पाणथळ जागा असेल तर २०१७ चे पाणथळ नियम लागू होतात, संरक्षित प्राण्यांचा वावर असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, झाडे तोडायची तर वेगळी परवानगी लागते आणि भूजल उपसायचे तर आणखी वेगळी. यांपैकी एकही परवानगी २००६ च्या अनुसूचीवर अवलंबून नाही.

अमेरिकेत हेच चित्र वेगळ्या दिशेने दिसते. तिथला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी अमलात आला, पण संघराज्य सरकारची जमीन, पैसा किंवा परवानगी यांपैकी काहीतरी गुंतलेले असेल तरच तो लागू होतो. खासगी शेतावर खासगी पैशाने प्रकल्प उभा राहत असेल तर त्या कायद्याखालचे मूल्यांकन सहसा होत नाही. तरीही १ एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरली जाणार असेल तर बांधकामाच्या काळातील पावसाच्या पाण्याचा परवाना घ्यावा लागतो, संरक्षित पाणथळ जागेत किंवा प्रवाहात भराव टाकायचा असेल तर १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या ४०४ व्या कलमाखाली परवाना घ्यावा लागतो, आणि संकटग्रस्त प्रजातीला इजा होणार असेल तर १९७३ चा कायदा समोर उभा राहतो.

युरोपीय संघात मूल्यांकनाचा मूळ निर्देश १९८५ चा आहे. आज लागू असलेला निर्देश २०११ चा असून तो २०१४ मध्ये सुधारला गेला. मोठे सौर प्रकल्प सर्वसाधारणपणे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतात, म्हणजे पूर्ण मूल्यांकन सरसकट होत नाही, पण ते हवे की नको याची छाननी होते आणि निर्णय कारणांसह द्यावा लागतो. जागा संरक्षित नैसर्गिक क्षेत्राजवळ असेल तर १९९२ च्या अधिवास निर्देशाप्रमाणे वेगळी तपासणी होते.

हे तीन ठिकाणांचे दाखले देण्याचे कारण एवढेच की या बहुतेक परवानग्या पॅनेल पाहून ठरत नाहीत, जागा पाहून ठरतात. म्हणून विकासकाला ‘पर्यावरण मंजुरी लागते का’ असे विचारू नका. त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेच आहे. जमिनीचा प्रत्येक गट, प्रत्येक प्रवाह, प्रत्येक झाडोरा आणि वीजवाहिनीचा प्रत्येक टप्पा एका नकाशावर दाखवून, त्या त्या ठिकाणी कोणता कायदा लागू होतो आणि लागू होत नसेल तर का नाही, हे सक्षम कार्यालयाच्या लेखी उत्तरासह मागा.

तुम्ही ६ किलोमीटरच्या वाहिनीचा उल्लेख केला आहे. तिच्याबद्दल गठ्ठ्यात काहीच नसेल तर तिथेच पाणी मुरते आहे असे समजा. वाहिनी हा ‘दुसऱ्या खात्याचा विषय’ म्हणून बाजूला काढण्याची सवय सर्वत्र आहे. आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका पवनऊर्जा प्रकल्पाच्या प्रकरणात पवनचक्क्या आणि त्यांना जाळ्याशी जोडणारी वाहिनी हा एकच प्रकल्प मानून एकत्र तपासला पाहिजे असा निर्णय दिला होता. प्रकरण वाऱ्याचे होते, पण ग्राहकापर्यंत न पोहोचणारी वीज उन्हाची असो की वाऱ्याची, तिचा उपयोग शून्यच, त्यामुळे तर्क इथेही तोच लागतो. त्याचप्रमाणे एकाच माळावर शेजारी शेजारी दोन-तीन लहान प्रकल्प दाखवून प्रत्येकाला उंबरठ्याखाली, म्हणजे ज्या आकारापासून मूल्यांकन लागते त्याच्या खाली ठेवायचे, असेही होते. युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये आयर्लंडविरुद्धच्या खटल्यात केवळ आकाराचे उंबरठे लावून एकत्रित परिणाम दुर्लक्षित करण्याच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. तुमच्या ५० हेक्टरच्या शेजारी याच विकासकाने आणखी कोणाशी बोलणी केली आहेत का, हे जरूर विचारा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद कायद्याच्या अंगाने पुरेसा आहे. मी माती आणि पाण्याच्या कामातला अभियंता आहे, म्हणून त्या कोपऱ्यातल्या ओढ्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. वर्षाचे आठ महिने कोरडा असलेला ओढा कागदावर सहज नाहीसा होतो. जागेची पाहणी कोरड्या ऋतूत झाली की नकाशावर तिथे नुसता उतार दिसतो, आणि खांबांच्या दोन रांगा त्यावर आरामात बसतात.

अनेकांचा समज असा असतो की पॅनेलमुळे जमीन झाकली जाते आणि म्हणून पाणी वाहून जाते. प्रत्यक्षात पॅनेल जमिनीपासून वर असतात, पाणी त्यांच्या खालच्या कडेवरून ओघळून पुढच्या रांगेपर्यंतच्या मोकळ्या जमिनीत मुरू शकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जलशास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की खाली चांगले गवत टिकून असेल तर केवळ पॅनेलमुळे वाहून जाणाऱ्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र खालची जमीन उघडी असेल किंवा तिच्यावर खडी पसरलेली असेल तर पाण्याचा लोंढा स्पष्टपणे वाढतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दाखवली होती, की पॅनेलच्या कडेवरून एका ओळीत पडणाऱ्या पाण्याचा जोर नुसत्या पावसाहून अधिक असतो आणि ती ओळ धुपू लागते. थोडक्यात, सगळा भार गवतावर आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. एका प्रकल्पावर बांधकामानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो. खांब ठोकणारे यंत्र सहज फिरावे म्हणून कंत्राटदाराने संपूर्ण उतार एका दमात साफ आणि सपाट केला होता. गवताचे बी तारा टाकून झाल्यावर पेरायचे होते. पॅनेलच्या प्रत्येक रांगेच्या खालच्या कडेला बोटभर खोल चरी पडल्या होत्या, जणू कोणीतरी फणी फिरवली असावी. दर दोन-तीन रांगांनंतर त्या चरी एकमेकींना मिळून हातभर रुंद होत होत्या. खाली रस्त्याच्या मोरीत मी काठी घातली तर अर्ध्याहून अधिक मोरी लालसर गाळाने भरलेली होती, आणि त्यापलीकडच्या शेतातले पीक त्याच रंगाच्या चिखलात झोपले होते. त्या प्रकल्पाकडे परवाना होता आणि परवान्यात गाळ अडवण्याचा आराखडाही होता. गाळ अडवणारी जाळी मात्र गुंडाळीसकट गोदामातच पडून होती.

हे अपवादात्मक नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आणि न्याय विभागाने अलाबामा, आयडाहो आणि इलिनॉय या राज्यांतील ४ सौर प्रकल्पांशी नेमक्या याच कारणावरून तडजोड केली. बांधकामाच्या काळात पावसाच्या पाण्याची आणि गाळाची व्यवस्था न केल्याबद्दल त्यांना मिळून १३ लाख डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. वीज तयार करताना धूर निघत नाही हे खरे असले तरी जमीन उकरताना गाळ निघतोच.

म्हणून तुमच्या जागी मी पुढील गोष्टींवर अडून बसेन. जमीन एकदम न उकरता टप्प्याटप्प्याने उकरावी, आणि आधीच्या टप्प्यावर गवत धरल्याशिवाय पुढचा टप्पा उघडू नये. आहे ते गवत शक्य तिथे राखून त्यावरच खांब ठोकावेत. उतार बेताचा असेल तर सपाटीकरणाची गरज पडत नाही. पॅनेलच्या रांगा शक्य तेवढ्या समपातळीला धरून असाव्यात. दक्षिणेकडे तोंड करण्यासाठी ते नेहमी जमत नाही, आणि जिथे जमत नाही तिथे आडवे चर आणि गवताचे पट्टे द्यावेत. ओढ्याच्या दोन्ही काठांना रुंद पट्टा पूर्ण मोकळा सोडावा, त्यात रस्ता, कुंपण, तारांचा चर काहीही येऊ नये. ओढा ओलांडून रस्ता न्यायचाच असेल तर मोरीचा आकार कोणत्या पावसासाठी धरला आहे, त्याचे गणित मागावे.

रोहित्रांच्या खाली, त्यातले सगळे तेल फुटून बाहेर आले तरी मावेल एवढ्या क्षमतेचा बंदिस्त हौद हवा. आणि पॅनेल धुण्याचे पाणी कुठून येणार हे आधीच लिहून घ्या. धुळीच्या प्रदेशात हा खर्च फार मोठा असतो, आणि गावाच्या विहिरींशेजारी नवी कूपनलिका खोदली गेल्यावर तो प्रश्न पर्यावरणाचा उरत नाही, भांडणाचा होतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. मोरीतल्या गाळाचे वर्णन वाचून मी काल संध्याकाळी ओढ्याच्या काठाने चालत गेलो. विकासकाच्या नकाशावर ओढ्याची रेषा आहे, पण ती प्रकल्पाच्या हद्दीपाशी थांबते आणि हद्दीच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू होते. मधल्या भागात पॅनेलच्या रांगा काढलेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यातील पुराचा काडीकचरा तिथल्या झुडपांना कमरेएवढ्या उंचीवर अजून अडकलेला आहे. मी त्याची छायाचित्रे काढून ठेवली आहेत.

दुसरा प्रश्न गवताळ भागाचा आहे. कागदांत त्याला ‘पडीक, जैवविविधता नगण्य’ असे म्हटले आहे. तिथे पक्षी असतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा परवानगीशी काय संबंध लागतो?

प्रतिसाद ३

संबंध फार जवळचा आहे. मी पक्ष्यांच्या सर्वेक्षणाचे काम करते आणि ‘पडीक’ हा शब्द वाचला की पहिला प्रश्न विचारते तो पाहणीच्या तारखेचा.

एका प्रस्तावित जागेचा अहवाल माझ्याकडे फेरतपासणीसाठी आला होता. त्यात एकाच दिवसाची, दुपारची आणि कडक उन्हाळ्यातली पाहणी होती, आणि निष्कर्ष तुमच्यासारखाच होता. मी विणीच्या हंगामात सूर्योदयापूर्वी तिथे गेले. उजाडायच्या आधीच एक टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, आणि ती ज्या बाजूने मला दूर नेऊ पाहत होती त्याच्या उलट दिशेला, खडीसारख्या दिसणाऱ्या चार अंड्यांवर माझा पाय पडता पडता वाचला. त्या सकाळी दोन तासांत जमिनीवर घरटे करणाऱ्या पाच जातींची नोंद झाली. दुपारी तिथे खरोखरच काही दिसत नाही; सगळे जीव सावली धरून बसलेले असतात.

माळरान ओसाड दिसते म्हणून ते मोकळे मानले जाते. झाडे नसतात म्हणून वृक्षतोडीचा कायदा लागत नाही, पीक नसते म्हणून शेतीचा प्रश्न येत नाही, आणि सगळे खुणेचे रकाने ‘नाही’ असे भरले जातात. ज्या जीवांना मोकळे आकाश आणि आखूड गवतच लागते, त्यांच्यासाठी मात्र तीच जागा घर असते. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण माळढोकाचे आहे. राजस्थान आणि गुजरातेतील त्याचे उरलेले अधिवास आणि सौर-पवन ऊर्जेच्या उत्तम जागा जवळजवळ एकावर एक आहेत. हा पक्षी जड असतो, त्याला समोरचे फारसे दिसत नाही, आणि उडताना वीजवाहिन्यांवर आदळून तो मरतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातील वाहिन्या भूमिगत करण्याचे व्यापक आदेश दिले. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने ते सरसकट बंधन मागे घेऊन कोणत्या भागात काय शक्य आहे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. दोन्ही बाजूंना खरे वजन असलेला असा तिढा मी दुसरा पाहिलेला नाही. पॅनेल लावण्यापूर्वीच अधिवासाचे नकाशे हातात असते तर त्याची तीव्रता बरीच कमी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

उशिरा कळल्याची किंमत विकासकालाही मोजावी लागते. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात ३९२ मेगावॅटच्या इव्हनपा सौर-औष्णिक प्रकल्पाचे बांधकाम २०१० मध्ये सुरू झाले. वाळवंटी कासवे अंदाजापेक्षा खूप जास्त निघाल्याने २०११ मध्ये काही भागातले काम सरकारी भूव्यवस्थापन विभागाने थांबवले. याउलट इंग्लंडमधील केंट परगण्यात क्लीव्ह हिल येथील मोठ्या सौर प्रकल्पाला मे २०२० मध्ये संमती मिळाली. तो हिवाळी पाणपक्ष्यांच्या संरक्षित क्षेत्राला लागून आहे. तिथे ब्रेंट गूज, टिटवी आणि सोनचिखल्या यांना चरण्यासाठी स्वतंत्र क्षेत्र राखून ठेवणे हा आराखड्याचाच भाग होता. त्या प्रकल्पालाही स्थानिकांचा मोठा विरोध झाला आणि त्यांची बाजू मला समजते. पण निदान कोणत्या पक्ष्याला किती जागा लागते, हा हिशोब संमतीपूर्वी मांडला गेला.

एका लहान जीवाचाही उल्लेख करते, कारण तो कोणत्याच अहवालात सापडत नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की पॅनेलवरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत प्रकाश काही जलकीटकांना पाण्यासारखा भासतो आणि ते त्यावर अंडी घालतात, जी अर्थातच वाळून जातात. पॅनेलवर पांढऱ्या रेषांची जाळी असेल तर हा भ्रम कमी होतो, असेही त्यांना आढळले. तुमच्या ओढ्याला वर्षातले काही महिने पाणी असते, म्हणून त्याच्या काठचा पट्टा मोकळा सोडण्याला हे आणखी एक कारण आहे.

विचारायचे ते असे: विणीच्या हंगामासह किमान एका पूर्ण वर्षाची पाहणी झाली आहे का, पाहणीच्या तारखा आणि वेळा काय होत्या, कुंपणाच्या तळाशी लहान प्राण्यांना जाण्याइतकी फट ठेवली आहे का, आणि त्या ६ किलोमीटरच्या वाहिनीवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या कुठून कुठपर्यंत बसवणार आहेत.

प्रतिसाद ४

मी विकासकांच्या बाजूने परवानग्यांचे काम पाहतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे लागेल. वरील एकही मुद्दा मी खोडत नाही. पण प्रत्येक लहान प्रकल्पाकडून पूर्ण आघात मूल्यांकन मागितले तर २५ मेगावॅटचे प्रकल्प होणारच नाहीत, आणि त्यांच्या जागी फक्त प्रचंड मोठे प्रकल्प उरतील, कारण दोन-तीन वर्षांचा खर्च आणि खोळंबा त्यांनाच परवडतो. तसे झाले तर जमिनीचे फार मोठे सलग तुकडे कुंपणात जातील.

खरे पाहता जागांची वर्गवारी हे सरकारचे काम आहे. अमेरिकेने २०१२ मध्ये ६ राज्यांतील सरकारी जमिनींचा एकत्रित अभ्यास करून १७ सौर क्षेत्रे ठरवली. युरोपीय संघाने २०२३ च्या सुधारित निर्देशात सदस्य देशांना असे सांगितले की जिथे पर्यावरणाची हानी कमी संभवते अशी क्षेत्रे आधीच आखा, आणि त्यांतील जमिनीवरच्या प्रकल्पांच्या परवानगीचे काम १२ महिन्यांत संपवा. हे मला योग्य वाटते, कारण जागा आधी चाळून ठेवली की चांगल्या प्रकल्पाला वेगही मिळतो आणि वाईट जागेला कोणी हातही लावत नाही.

जिथे असे नकाशे नाहीत तिथे विकासकाने निदान कराराआधी कागदावरचा अडथळा-नकाशा करावा. वन, पाणी, संरक्षित क्षेत्रे, पुरातत्त्व, विमानतळ आणि वाहिनीचा मार्ग हे सगळे उपलब्ध नोंदींवरून काही आठवड्यांत एकावर एक मांडता येते. अनेक जण हे करत नाहीत, कारण जमीन हातात येण्याची घाई असते. आधी कळस मग पाया. मी स्वतः एका प्रकल्पात हीच चूक होताना पाहिली आहे. भाडेकरार झाले, कर्ज ठरले, आणि मग वाहिनीच्या मार्गात एक जुने दफनस्थळ असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. ते तीन पिढ्यांपासून सर्वांना माहीत होते, पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. वाहिनी फिरवावी लागली आणि एक वर्ष गेले.

म्हणून माझी सूचना अशी: पूर्ण मूल्यांकनाची मागणी करण्याऐवजी छाननीचा कारणांसह लेखी निर्णय मागा. ‘लागू नाही’ हे उत्तर चालेल, पण ते विकासकाच्या तोंडून नको, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने हवे, आणि ते वाहिनीसह संपूर्ण प्रकल्पाला उद्देशून हवे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

या सूचनेशी मी सहमत आहे. फक्त एक पुरवणी जोडतो. छाननीच्या निर्णयात ‘अमुक उपाय केले जातील म्हणून परिणाम नगण्य’ असे लिहिलेले असेल तर ते उपाय परवानगीच्या अटींमध्ये शब्दशः उतरले पाहिजेत, आणि त्यांची तपासणी कोण, कधी करणार हेही तिथेच लिहिलेले असले पाहिजे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक नव्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १०% वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षे टिकवावी लागते. अशा तरतुदीची खरी परीक्षा पंधराव्या वर्षी होईल, जेव्हा मूळ विकासकाने प्रकल्प दुसऱ्याला विकलेला असेल. अटी कंपनीला चिकटलेल्या नसाव्यात. त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे गेल्या पाहिजेत.

प्रतिसाद ५

मी माझी जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली आहे, म्हणून शेवटच्या टप्प्याविषयी लिहितो. सुरुवातीच्या परवानग्यांच्या गडबडीत त्याचा विसर पडतो आणि आठवण होते तेव्हा समोर कोणीच नसते.

करार करताना ‘जमीन पूर्ववत करून देणे’ एवढाच शब्दप्रयोग होता. पूर्ववत म्हणजे काय, हे मी सुदैवाने एका अनुभवी वकिलांच्या सांगण्यावरून लिहून घेतले. खांब उपटून काढायचे की जमिनीच्या पातळीला कापायचे? तारा किती खोलीपर्यंत काढायच्या? नांगराच्या फाळाला लोखंडी खुंट लागला तर ती जमीन पूर्ववत झाली असे कोण म्हणेल? माझ्या करारात आता १ मीटर खोलीपर्यंतचे सर्व काही काढायचे आहे, आणि त्या खर्चाची अनामत रक्कम तिसऱ्या पक्षाकडे ठेवलेली असून ती दर पाच वर्षांनी नव्या दरांप्रमाणे वाढते. कंपनी बुडाली तरी ती रक्कम त्याच कामासाठी राहते.

पॅनेलच्या कचऱ्याचेही तसेच आहे. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलच्या जोडणीत शिसे असते आणि एका प्रकारच्या पातळ थराच्या पॅनेलमध्ये कॅडमियमचे संयुग असते. पॅनेल शाबूत असेपर्यंत त्याचा त्रास नाही, पण फुटलेल्या पॅनेलचे ढीग शेताच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहता कामा नयेत. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशात पॅनेलची गणना विद्युत कचऱ्यात होते, आणि भारतातही २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले तेव्हा सौर पॅनेल त्यांत आले. गारपिटीने किंवा वाहतुकीत फुटलेले पॅनेल किती दिवसांत उचलायचे, हे करारात वेगळे लिहून घ्या.

सुपीक मातीचा वरचा थर ही माझी शेवटची विनंती. रस्त्यासाठी आणि उपकेंद्रासाठी जिथे खोदतील तिथला वरचा थर वेगळा काढून वेगळा साठवला पाहिजे. माझ्याकडे पहिल्या महिन्यात वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात गेला. तो ढीग पुन्हा पसरला त्या पट्ट्यात आजही गवत विरळ आहे, आणि लांबूनसुद्धा तो पट्टा ओळखू येतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. आपल्या सर्व प्रतिसादांवरून आम्ही दोन पानांचे पत्र तयार केले आणि गावाच्या बैठकीत वाचून दाखवले. काही जणांना ते प्रकल्प अडवण्याचे निमित्त वाटले. त्यांची भीती रास्त होती, कारण भाड्याचे पैसे अनेक घरांना खरोखर हवे आहेत. पण ओढ्यातील झुडपांची छायाचित्रे दाखवल्यावर चर्चेचा सूर बदलला. ज्यांची शेते ओढ्याच्या खालच्या अंगाला आहेत त्यांनी मोरीच्या गणिताचा मुद्दा स्वतः उचलून धरला.

विकासकाचे प्रतिनिधी जागेवर आले आणि ओढ्याच्या काठाने आमच्याबरोबर चालले. त्यांनी नव्याने दिलेल्या आराखड्यात ओढ्याची रेषा सलग आहे, दोन्ही काठांना मोकळा पट्टा सोडला आहे आणि त्यामुळे पॅनेलच्या चार रांगा कमी झाल्या आहेत. टप्प्याटप्प्याने जमीन उकरण्याचे त्यांनी लेखी मान्य केले. पाण्यासाठी नवी कूपनलिका न खोदता टँकरने पाणी आणण्याचे म्हटले आहे. त्याचा स्रोत कोणता, हे आम्ही परत विचारले आहे. खांब आणि तारा १ मीटर खोलीपर्यंत काढण्याची अट मान्य झाली, अनामत रकमेची बोलणी अजून चालू आहेत.

छाननीचा निर्णय मागणारा अर्ज आम्ही स्वतंत्रपणे सक्षम कार्यालयाकडे दिला असून त्यात वाहिनीचा समावेश करावा असे स्पष्ट लिहिले आहे. वाहिनीच्या मार्गाचा नकाशा मात्र अद्याप मिळालेला नाही. गवताळ भागाची पाहणी विणीच्या हंगामात, पहाटे आणि आमच्यापैकी दोघांना सोबत घेऊन करायचे ठरले आहे. तोपर्यंत संमतीचा ठराव बैठकीने पुढे ढकलला आहे. प्रतिसाद ३ मधील ताईंना एक विनंती आहे: सोबत जाणाऱ्या दोघांनी पाहणीच्या वेळी स्वतःच्या वहीत कोणत्या नोंदी ठेवाव्यात, हे सवडीने लिहाल का?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याचे उत्तर

जरूर. तारीख, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, आकाश आणि वारा कसा होता, तुम्ही कुठून कुठे चाललात, आणि प्रत्येक पक्षी नेमका काय करत होता. नाव माहीत नसेल तर ते रिकामे सोडा, पण तो उडून गेला, चरत होता, चोचीत काडी किंवा अळी होती की ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालत होता, हे न चुकता लिहा. तिथे तो केवळ आला होता की राहतो आहे, हे त्यावरूनच ठरते. एखादे घरटे दिसले तर त्याच्या जवळ थांबू नका. लांबून खूण लक्षात ठेवा आणि नंतर नकाशावर नोंदवा. एकाच सकाळवर विसंबू नका, हंगामात किमान तीन-चार वेळा जा. आणि काहीच दिसले नाही त्या दिवसाचीही नोंद तारीख-वेळेसह ठेवा.